बा कोणत्या गाडीत बसला

॥ जय सेवालाल ॥

तांडा, शेलूबाजारजवळ
शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६ वाजून २० मिनिटे

ती. रेणूबाईस,
नवीनचा शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी, दि. १३ रोजी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला, तेव्हा मी दौलतराव पाटलांच्या तुरीवर फवारणी करायला पंपात पाणी भरत होतो. बा घरी नीट जेवतो का, असं तू विचारलंस. मी म्हणालो, बा तर तुझ्याजवळ आहे. पंप भरून पाणी वाहू लागलं, ते मला चपला ओल्या झाल्यावर कळलं.

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून इकडचं क्रमाने लिहितो. शनिवारी, दि. ८ ला दुपारी चार वाजता ऊसतोडीचा ट्रक तांड्यावरून निघाला, तेव्हा मी शेतात होतो. यंदा बाला न्यायचं नाही असं मुकादम सोमलाकाकांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं. मागच्या वर्षी फडावर त्याला आपली स्वतःची राहायची कोपी सापडत नव्हती, हे तुलाही माहीत आहे. संध्याकाळी मी घरी आलो तर बा नाही, त्याचं कांबळं नाही, भिंतीवरचा कोयता नाही. याडी म्हणाली, चढला तुझा बाप ट्रकात, तीस वर्षांची सवय थोडीच सुटते, लेकीजवळ राहील तर राहू दे, इथं निदान माझं डोकं तरी खाणार नाही. मी पाच दिवस चौकशी केली नाही. खरं लिहितो बाई, मला हलकं वाटलं होतं. दिवसातून चार वेळा त्याच्या मागे धावायचं आता नव्हतं.

तू म्हणालीस की त्याला भाऊजींनी वाटेतच उतरवून शेलूबाजारच्या जीपमध्ये बसवून दिलं होतं. म्हणजे आम्ही समजलो तिकडे आहे, तुम्ही समजलात इकडे आहे, आणि माणूस पाच दिवस कुठेच नव्हता.

ठाण्यात तक्रार दिली आहे. जमादार चांगले वागले. बाचा वेगळा फोटो नाही, म्हणून आधारकार्डावरचाच मोठा करून दोनशे कागद छापले. मी त्यात सोबत कोयता आहे असं लिहिलं होतं. जमादार म्हणाले, ते काढ, कोयता वाचला तर लोक म्हाताऱ्याच्या जवळ जाणार नाहीत. मी काढलं.

कागदावर माझा नंबर आहे. म्हणून घरच्यांनी ह्या नंबरवर फोन करायचा नाही असं मी ठरवलं आहे. कोणी बाला पाहिलं आणि त्याच वेळी फोन गुंतलेला लागला, तर तो पुन्हा करेलच असं नाही. मुकादमाचा पिकअपवाला चार-आठ दिवसांनी किराणा घेऊन तुमच्याकडे येतो. त्याच्या हाती हे पाठवतो, तूही तसंच पाठव. ट्रक कुठे थांबला, किती वाजता, जीप कोणत्या रंगाची, चालक कसा होता, हे भाऊजींना विचारून सगळं लिही.

माझ्यावर रागव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझा धाकटा,
नवीन

---

॥ जय सेवालाल ॥

ऊसतोडीचा अड्डा, गंगाखेडकडे
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर

चि. नवीन यास,
रेणूबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र कोपीत बसून तीनदा वाचलं. शेजारची रंजीता म्हणे, भाऊ मास्तर आहे काय वं तुझा, अक्षर कसं मोत्यासारखं. मी म्हटलं, नववीतून पळालेला मास्तर आहे. हसली ती. मग मले रडू आलं, तर तिचंही तोंड उतरलं.

तू इचारलं ते सांगतो. ट्रकात आमी चौदा कोयते, म्हणजे चौदा नवरा-बायको, वरून लेकरं, बकऱ्या, भांडी. बा मागं फळीजवळ बसला होता. मी त्याले पाहिलं तेव्हा ट्रक डांबरीले लागला होता. सोमलाकाका खवळले, पण आता पुढं पाहू म्हणाले. वाटेत बाचं पोट बिघडलं. धोतर खराब झालं. सगळ्याईनं नाकाले पदर लावले. सोमलाकाका वरडले की हे काय भरून आणलं तुमी. मी आत भांड्यात अडकलेली, मांडीवर लहानगी झोपलेली, मले उठता आलं नाही. मी तुझ्या भाऊजीले म्हटलं, उतरवा बाले आन् धुवून आणा. ताडपत्रीच्या फटीतून मले दिवे लागलेले दिसले, बाकी काही दिसलं नाही.

हे एकटेच परत आले. म्हणाले, मालेगावच्या फाट्यावर शेलूबाजारची जीप उभी होती, पांढरी, बाले बसवून दिलं, पन्नास रुपये दिले, ड्रायव्हर ओळखीचा वाटला. मी म्हटलं बरं झालं. फोनमधले पैसे संपले होते, उचल मिळाल्यावर भरले, म्हणून पाच दिवस गेले.

आता पुन्हा इचारलं तर हे चिडतात. म्हणतात, मी काय गुन्हेगार आहो काय, पुन्हा पुन्हा काहून तेच इचारतं. तेव्हापासून भाकरही अर्धीच खातात. त्याईले बाचं लागलं असंन.

तू जेवत जाय. याडीले सांग, रेणू रडत नाही म्हणून.

तुझीच,
रेणूबाई

---

॥ जय सेवालाल ॥

तांडा
रविवार, दि. २३ नोव्हेंबर, दुपारी २ वाजता

ती. रेणूबाईस,
नवीनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र २० तारखेला मिळालं. त्याआधीच, तू फोनवर जीप म्हणालीस त्यावरून मी मालेगाव ते शेलूबाजार हा रस्ता धरला होता. साधारण तीस किलोमीटर आहे. वहीत दर दोन किलोमीटरचा एक तुकडा पाडला आणि दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर आत जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी अकरा जण आले. दुसऱ्या दिवशी सात. आता दौलतराव आणि मी. लोकांना नावं ठेवत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, वीज कधी येते त्याचा नेम नाही.

ह्या पट्ट्यात सेहेचाळीस विहिरी आहेत. प्रत्येकीत गळ टाकला. दौलतरावांनी स्वतःचा दोर दिला, त्यांच्या घरच्या तुळसाबाईंनी रोज भाकरी बांधून दिल्या. गळाला काही जड लागलं की दौलतराव डोळे मिटतात आणि मला म्हणतात, तूच पाह्य बावा. एकदा मोटार निघाली, एकदा बैलाचं जू. एकोणचाळिसाव्या विहिरीच्या पायरीवरून माझा पाय घसरला. सूज आहे, पण चालता येतं.

मालेगाव, मेडशी आणि शेलूबाजारच्या थांब्यांवर एकतीस जीपवाल्यांना विचारलं. पांढरी जीप आठ जणांकडे आहे. आठही जण म्हणतात, असा म्हातारा बसलाच नाही. त्यातला एक माझ्यावर तापला, म्हणाला, बसला असता तर का गिळला असता मी त्याले. बाई, खोटं बोलून त्यांना काय मिळणार? आणि तू लिहिलंस की दिवे लागले होते. चारला निघालेला ट्रक सव्वापाचला मालेगावात असतो, तेव्हा ऊन असतं. वाटेत कुठे थांबला होतात का? हे आठवून लिही.

एकाचा फोन आला की म्हातारा माझ्याजवळ आहे, आधी पाच हजार पाठव. मी विचारलं, कोणत्या हातावर गोंदलेलं आहे. त्याने फोन ठेवला. बुधवारी ठाण्यातून निरोप आला की अकोल्याच्या शवागारात एक बेवारस म्हातारा आहे, ओळख पटवायला जा. एसटीने गेलो. तो बा नव्हता. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि मला आनंद झाला. मग वाटलं, तोही कोणाचा तरी बा असेल, आणि त्याचं माणूस कुठल्या विहिरीत गळ टाकत असेल.

शुक्रवारी तू फोन केलास आणि मी दोन शब्दांत ठेवून दिला. वाईट वाटून घेऊ नकोस. आदल्या दिवशी मेडशीवरून कोणाचा तरी फोन येऊन गेला, तेव्हा माझा गुंतलेला होता. मी परत केला तर ती पानटपरी निघाली, करणारा निघून गेला होता. तेव्हापासून मला फोनची भीती वाटते.

याडी म्हणते, तुझ्या वहीत काय तो येऊन बसणार आहे? काल मात्र तिनेच विचारलं, आज कोणता तुकडा.

आशीर्वाद असू दे.

नवीन

---

॥ जय सेवालाल ॥

अड्डा
सोमवार, दि. २४ नोव्हेंबर

चि. नवीन यास,
आशीर्वाद.

हे पत्र वाचून तू मले शिव्या दिल्या तरी चालंन. बा मालेगावले उतरलाच नाही. जीप नव्हतीच. बा रिसोडले उतरला.

पिकअपवाला गुरुवारी सांगत होता की तुझा भाऊ मालेगावच्या रस्त्यानं एकेका विहिरीत गळ टाकून राह्यला, पाय सुजला त्याचा. तुझे भाऊजी मोळी बांधत होते. मोळी तशीच टाकून ते बांधावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी इचारलंही नव्हतं, तर बोलले.

रिसोडच्या धान्य बाजाराच्या भिंतीपाशी नळ आहे. तिथं त्याईनं बाले नेलं, बादली भरून देल्ली. बा धोतर सोडाले लागला. सासऱ्याले उघडं कसं पाहू, म्हणून हे पाठ करून उभे राह्यले. बाही म्हणे की जवाई, तोंड तिकडं करा. बिडी संपेपर्यंत हे तसेच उभे. पाठीमागून पाण्याचा आवाज येत होता तोपर्यंत निश्चिंत होते. मग आवाज बंद झाला. तरी हे वळले नाही, म्हटलं नेसत असंन. इकडून सोमलाकाकाचा हॉर्नवर हॉर्न. हे वळले तर बादली होती, बा नव्हता. दोन गल्ल्या पाहिल्या. ट्रक हालला. हे धावत येऊन चढले, आन् सगळा ट्रक यांच्या तोंडाकडं पाहून राह्यला, तर तोंडातून जीप निघाली. एकदा निघाली मग वापस घेता आली नाही. म्हणतात, बायकोले कसं सांगू की तुझ्या बापाले मी नळावर हरवलं.

मी त्याच वेळी, म्हणजे शुक्रवारी, त्याईच्याच फोनवरून तुले फोन लावला. तू म्हणालास, बाई हा नंबर मोकळा ठेवायचा आहे, पत्र लिही. आन् ठेवला. माझ्या तोंडात रिसोड हा शब्द आला होता. पुन्हा लावाची हिंमत झाली नाही. वाटलं, तू ठरवलं आहे तर काही इचार करूनच ठरवलं असंन, तू शिकलेला. दोन दिवस पिकअपची वाट पाहून राह्यली. मी पुन्हा लावाले पाहिजे होता, नवीन. शंभर वेळा लावाले पाहिजे होता.

भाऊजीले काही बोलू नको. ते सवताच सवताले खाऊन राह्यले.

रेणूबाई

---

॥ जय सेवालाल ॥

तांडा
मंगळवार, दि. २ डिसेंबर, सकाळी ११ वाजता

ती. रेणूबाईस,
नवीनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र २६ ला मिळालं. त्याच दिवशी दौलतरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून रिसोडला गेलो. पायाचं हाड चिरलं आहे असं कळलं, सध्या प्लास्टर आहे. भाऊजींवर मी रागावलो नाही, असतो तर लिहिलं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाठ केली असती. तुझा फोन मी ठेवला, ती चूक माझी.

बाजारात हरीओम नावाचा हमाल आहे. त्याला कागद दाखवला, त्याने मान हलवली. आधारकार्डावरचा चेहरा कोणाचाच कोणाला ओळखू येत नाही. जाता जाता मी म्हणालो की त्याच्याजवळ कोयता होता, तर हरीओम पोत्यावरून उठून उभा राहिला. म्हणाला, आधी काहून नाही सांगितलं, तो बावा तर तीन दिवस आमच्यातच होता.

बा नळावरून सरळ आतल्या बाजूला गेला आणि सोयाबीनच्या थप्पीवर जाऊन बसला होता. कोयता मांडीवर, कांबळं अंगावर, धोतर ओलं. येईल त्या ट्रकवाल्याला विचारायचा, फडावर जाता का? हमालांना वाटलं, टोळीची वाट पाहतो आहे. दरवर्षी अशी माणसं तिथे कोयता घेऊन बसतात, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. त्यांनी त्याला जेवू घातलं, त्यानेही बसल्या बसल्या त्यांच्या फाटक्या पोत्यांची तोंडं शिवून दिली. मंगळवारी, दि. ११ ला, लातूरकडे जाणाऱ्या एका ट्रकवर हरीओमनेच त्याला हात देऊन चढवलं. लेक पुढे गेली आहे म्हणत होता, म्हणून दया आली, असं सांगताना तो रडू लागला. त्याने चांगलंच केलं होतं.

त्या दिवशी बाजारातून अकरा ट्रक बाहेर पडले. विनंती करून बाजाराच्या वहीतून नंबर उतरवून घेतले आणि अकराही चालकांना फोन केले. नववा म्हणाला, होय. बा त्याच्या ट्रकवर पोत्यांवर बसला होता. परभणी सोडल्यावर, गंगाखेडच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागला तसे बाने वरून केबिनवर हात आपटले. उतरला, हात जोडले आणि उसातल्या पायवाटेने आत गेला. संध्याकाळचे पाच वाजले होते. चालकाला वाटलं, म्हाताऱ्याचं ठिकाण आलं.

पिकअपवाल्याला ती जागा विचारली. तिथून तुमचा अड्डा चौदा किलोमीटर आहे. बा बरोबर रस्त्याने गेला होता, बाई. आपणच उलट्या दिशेला गळ टाकत होतो.

आता एकवीस दिवस झाले. तिकडच्या ठाण्याला इकडून कळवलं आहे. मला येता येत नाही. प्लास्टर निघायला महिना आहे आणि आलो तरी उसात चालता येणार नाही. माझ्या वहीत तिकडचं काहीही नाही. इथे विहिरी मोजता येत होत्या. दहा फूट उंच ऊस, आत माणूस बसला तर बांधावरून दिसत नाही, आणि असे किती फड असतील ते मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र आज कळली आणि तेव्हापासून बसवत नाही. पिकअपवाला म्हणाला की मजूर कमी आहेत म्हणून यंदा तिकडे फड आधी पेटवतात, पाचट जळालं की तोडणी लवकर होते. बाई, बाला थंडी वाजली की तो पाचटात शिरून झोपतो, तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पेटवण्याआधी हाक मार. नावाने, किसनसिंग म्हणून, कोणी बोलावलं तर आता तो वळत नाही. तू मार. आणि हाक मारून लगेच पेटवू देऊ नकोस. त्याला उठायला वेळ लागतो.

सापडला तर कोणत्याही वेळी फोन कर. नाही सापडला तर पत्र लिही. म्हणजे फोन वाजला की मी दुसरं काही मनात आणणार नाही.

भाऊजींना नमस्कार. तुमच्या हाती सगळं सोपवून इथे बसलो आहे.

नवीन

---

॥ जय सेवालाल ॥

अड्डा
शनिवार, दि. १३ डिसेंबर

चि. नवीन यास,
रेणूबाईचे आशीर्वाद.

पत्र हातात आलं, म्हणजे तुले समजलंच.

तुझं पत्र शुक्रवारी, पाच तारखेले आलं. त्याच दिवशी दोन एकराचा फड पेटवाचा होता. मी पुढं जाऊन उभी राह्यली. सोमलाकाका म्हणे, काय पूजा मांडली काय वं, कारखान्याची गाडी उभी आहे, एका खेपेचे पैसे कोण भरंन, तुझा भाऊ? मी हाललीच नाही. मग तुझे भाऊजी माझ्याजवळ येऊन उभे राह्यले. मग रंजीता. मग सोमलाकाका म्हणे, मारा हाक, पण लवकर मारा.

मी मारली. बा ओ बा, म्हणून. एवढ्या जोरात मी लहानपणापासून वरडली नव्हती. गळ्यातून वेगळाच आवाज निघाला. शंभर मोजेपर्यंत थांबलो. काही नाही.

आता टोळीले सवय झाली. पेटवाच्या आधी चारी कोपऱ्याले चार जण उभे राहतात, बाया लेकराईच्या तोंडावर हात ठेवतात, मी हाक मारतो आन् सोमलाकाका सवता हात वर करून धरतात. हात खाली येईपर्यंत कोणी खोकलतही नाही. तरी तुझ्या भाऊजीचं समाधान होत नाही. हाक झाल्यावर ते सऱ्याईतून आत शिरतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आन् वापस. उसाच्या पानाईनं तोंड, हात सारे चिरले. शेताचा मालक काल म्हणे, हा पागल आहे काय. सोमलाकाकानं सांगितलं, जवाई आहे.

बुधवारी हाक मारल्यावर आत खरोखर सळसळ झाली. मधातून, जवळून. आमी सारेच धावलो. सोमलाकाकाचा जोडा चिखलात राह्यला, तसेच अनवाणी धावले. पाच रानडुकरं निघाली, मागं तीन पिलं. लेकरं हसाले लागली, तर काकानं एकाले चापट मारली. मग त्याईनं पुन्हा हात वर केला आन् मोजणी पहिल्यापासून केली. भाऊजी पुन्हा आत गेले. मग पेटवलं. सहा फड झाले असे.

जिथं बा उतरला ती जागाही पाहून आलो. पायवाट थोडी पुढं जाते आन् उसात मिळते. तिथं एका कोपीतली म्हातारी, कमलीबाई, म्हणाली की महिन्याआधी एक जण पाणी पिऊन गेला, कोयता होता, लेकीचं नाव इचारलं तर सांगता आलं नाही त्याले. कोणीकडं गेला ते तिनं पाहिलं नाही. तेवढंच.

मी टोळी-टोळीत निरोप पाठवला आहे, पेटवाच्या आधी हाक मारा म्हणून, पिकअपवाल्याच्या हाती, ट्रॅक्टरवाल्याच्या हाती. कोणाले वाचता येते, कोणाले नाही, म्हणून तोंडीच सांगतो. किती जणाईपर्यंत पोचलं माहीत नव्हतं. काल सांजच्याले आमी मोळ्या बांधून राह्यलो होतो, तर नाल्यापलीकडच्या फडातून एका बाईची हाक आली, बा ओ बा. आवाज ओळखीचा नव्हता. कोण आहे, कोणाची लेक आहे, काही माहीत नाही. आमचे सगळ्याईचे हात थांबले. भाऊजी उभे राह्यले.

बराच वेळ तिकडून दुसरा आवाज आला नाही. मग तिकडं धूर दिसला.

याडीले वाचून दाखवशील तेव्हा हे शेवटचं वाचू नको. पायाले जप. तुझ्यावर माझी माया आहे तशीच आहे, तूही धरून राहाय.

तुझी,
रेणूबाई